अंगण राखणाऱ्या



आमचें फैजपूर हें केळीच्या बागांचें गांव. येथें बर्फ म्हटला म्हणजे उन्हाळ्यांत रसवंतीच्या दुकानीं गोणपाटांत गुंडाळलेला दिसतो, तेवढाच. तरी आजच्या भाषणाचा आरंभ मी बर्फापासून करणार आहें.

२०२५ सालच्या जून महिन्यांत एक बातमी आली. संयुक्त अरब अमिरातींतील अल् ऐन येथें भरलेल्या आशिया चषक स्पर्धेंत भारतीय स्त्रियांनीं बर्फावरील हॉकीमध्यें कांस्यपदक मिळविलें. या संघांतील बहुतेक मुली लडाखच्या; हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेल्या. त्यांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत प्रथम उतरला तो २०१६ सालीं, आणि नऊ वर्षांत तो पदकापर्यंत पोंचला. बातमी वाचून मला कुतूहल वाटलें व या खेळाचे नियम मीं मिळवून वाचले. त्यांतील एका गोष्टीपाशीं मी थबकलों.

या खेळांत चेंडूऐवजीं कठीण रबराची चपटी चकती असते. खेळ थांबला म्हणजे पंच ती दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या मधोमध बर्फावर टाकतो आणि खेळ पुनः सुरू होतो. यास फेस-ऑफ असें म्हणतात. मैदानावर अशा नऊ जागा ठरलेल्या असून त्यांपैकीं दोन आपल्या गोलाच्या अगदीं जवळ, एक डाव्या व एक उजव्या अंगास असतात. तेथें चकती पडावयाची असली म्हणजे घर राखणाऱ्या संघाची खरी परीक्षा होते. गोलरक्षिका सोडून पांच खेळाडू असतात. मधली खेळाडू चकतीसाठीं काठी टेकते. आणि राखण करणारीनेंच काठी आधीं टेकावी असा आजचा नियम असल्यामुळें, चाल करून आलेल्या बाजूस क्षणाचा फायदा मिळतो. एक रक्षक पाठीमागें अशी उभी असते कीं मधलीनें चकती मागें ओढली तर ती नेमकी हिच्याच काठीशीं यावी. दुसरी रक्षक गोलासमोरील प्रतिस्पर्धी खेळाडूस चिकटून राहते. बगलेची एक खेळाडू दूरवर फटका मारण्यास टपलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे धांवण्याच्या तयारींत असते. चकती पडेपर्यंत इतर कोणीही वर्तुळांत पाऊल टाकावयाचें नाहीं. आणि चकती गमावलीच तर मधलीनें आपल्या समोरच्या खेळाडूस मोकळें सोडावयाचें नाहीं. स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत अंगाची धडक मारून पाडण्यास बंदी आहे. त्यामुळें आधींपासून योग्य जागीं उभें राहणें हेंच त्यांचें मुख्य शस्त्र होय.

चकती पडल्यावर निकाल क्षणार्धांत लागतो. परंतु ती पडण्यापूर्वीं कोण कोठें उभी होती, यावर तो बहुतांशीं ठरलेला असतो. हें वाचीत असतां माझ्या मनांत आलें, अरे, हा तर आपला हुतुतू! तेथें बर्फ आहे, येथें माती आहे. तेथें हातीं काठी आहे, येथें रिकामे हात आहेत. परंतु आपल्या अंगणांत परका येण्यापूर्वीं आपण कसें उभें राहावें, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. म्हणून स्त्रियांच्या हुतुतूंत, म्हणजे आजच्या कबड्डींत, अंगण राखण्याची विद्या कशी वाढली, हें आज आपणांस सांगावें असें योजिलें आहे.

कबड्डी पाहावयास जमलेल्या लोकांचे डोळे चढाई करणाऱ्या खेळाडूवर असतात. तें स्वाभाविकच आहे. तो एकटा जातो, दम घोकतो, सात जणांना हुलकावणी देतो. परंतु क्षणभर दृष्टि पलीकडच्या सात जणींकडे वळवा. त्या नुसत्या उभ्या नसतात. स्त्रियांचें क्रीडांगण १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असतें. पुरुषांचें १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. दोन्ही अंगांस एकेक मीटरचें राखीव क्षेत्र असतें आणि प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्यावरच तें खेळांत मोकळें होतें. म्हणजे चढाईच्या आरंभीं स्त्रियांच्या संघास आपल्या वांट्याचें अंगण मिळतें तें अवघें ६ मीटर लांब व ६ मीटर रुंद. एवढ्या रुंदींत सात जणी उभ्या करावयाच्या म्हटल्यास प्रत्येकीच्या वांट्यास एक मीटरही येत नाहीं.

आतां रेषा पाहा. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढें १ मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत २ मीटर. पुरुषांच्या खेळांत हींच अंतरें अनुक्रमें पावणेचार मीटर, १ मीटर व पावणेदोन मीटर अशीं आहेत. हिशेब करून पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. बोनस रेषेपर्यंत गेलेल्या पुरुषास घरीं परतण्यास पावणेपांच मीटर ओलांडावे लागतात, तर स्त्रीस केवळ चार. म्हणजे स्त्रियांच्या खेळांत चढाई करणारीची सुटकेची वाट आंखूड आहे. साहजिकच पकडणारीस विचार करण्यास वेळही कमी आहे. उलट पक्षीं, बोनस रेषेमागें उभें राहण्यास स्त्रियांना पाव मीटर जागा अधिक मिळते. तेव्हां मागें दबून राहावयाचें, पण वेळ येतांच विलंब न लावतां झडप घालावयाची, असें दुहेरी शिक्षण त्यांना घ्यावें लागतें. पुरुषांचे डावपेच जसेच्या तसे मुलींना शिकविणारे शिक्षक येथेंच चुकतात. आणि मीही प्रारंभीं चुकलों आहें.

सात जणींची मांडणी अशी असते. दोन टोकांस दोन कोंपरारक्षक, त्यांच्या शेजारीं त्यांच्या जोडीदारणी, त्यांच्या आंतल्या बाजूस दोन रक्षक, आणि मधोमध एक. कोंपऱ्यावरचीनें पाय धरावयाचा, विशेषतः घोटा. कारण बोनस रेषा ओलांडतांना चढाई करणारीचा एक पाय पुढें येतो व दुसरा हवेंत असतो, आणि त्याच क्षणीं ती सर्वांत दुबळी असते. आंतल्या रक्षकांनीं परतीची वाट अडवावयाची, मांडी किंवा कंबर धरावयाची, अथवा धक्क्यानें तिला रेषेबाहेर काढावयाचें. शेजारणी एकमेकींचे हात धरून सांखळी करतात. सांखळीचा उपयोग केवळ जोर वाढविण्यासाठीं नसतो. एकीनें घाईनें पाऊल टाकलें तर दुसरी हात दाबून तिला आवरते. न बोलतां दिलेली ती आज्ञाच होय. कारण चढाई चालू असतां ओरडून सांगितलें तर तें प्रतिस्पर्ध्याच्याही कानीं जातें.

सहा किंवा अधिक रक्षक असतांना बोनस गुण मिळतो. म्हणून भरल्या अंगणांत कोंपऱ्यांनीं बोनस रेषेवर लक्ष ठेवावयाचें. रक्षक कमी झाल्या म्हणजे बोनस मिळत नाहीं, परंतु अंगण उघडें पडतें. तिघी उरल्या तर बहुधा दोघींनीं कोंपरे धरावे व एकीनें मध्य राखावा. अलीकडच्या नियमांनीं अशा वेळीं केलेल्या पकडीस एक गुण अधिक ठेविला आहे. तिला अव्वल पकड म्हणतात. दुबळ्या स्थितींत धीर धरणाऱ्यास नियमानेंच बक्षीस द्यावें, ही कल्पना मला शिक्षकाच्या दृष्टीनें फार मोलाची वाटते.

आतां थोडा इतिहास सांगतों. आपल्या प्रांतांत हुतुतू खेळावयाचे संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार होते. संजीवनींत मेलेला गडी पुनः उठे. गामिनींत सर्व संघ बाद होईपर्यंत मेलेला गडी बाहेरच राही. अमरमध्यें गडी बाद झाला तरी मैदानांतच राही व केवळ गुण मोजला जाई. यांवरून राखणीचे विचारही निराळे होत. गामिनींत एकेक गडी गमावणें म्हणजे घरचा एकेक खांब गमावणें. संजीवनींत एका पकडीनें गेलेला सोबती परत मिळे. आज आपण खेळतों त्यांत संजीवनीचें तत्त्व मुख्य आहे, आणि म्हणूनच पकड ही केवळ एका गुणाची बाब राहत नाहीं. तिच्यामुळें बाहेर बसलेली मैत्रीण परत आंत येते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुणें, सातारा, बडोदें, अमरावती येथील व्यायामप्रेमी मंडळींनीं या खेळास नियमांची चौकट दिली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचें नांव या कामीं आदरानें घेतलें जातें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं आपल्या देशी खेळांचें प्रदर्शन केलें. आम्हां फैजपूरकरांना १९३६ हें साल मुद्दाम आठवावें लागत नाहीं. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन आमच्या गांवीं झालें. खेड्यांतलें जें जें म्हणून आहे त्यासही मान आहे, हा विचार त्या वर्षीं बर्लिनपासून फैजपूरपर्यंत निरनिराळ्या रूपांनीं प्रकट झाला, असें मला वाटतें.

१९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन स्थापन झालें. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रास येथें १९५२ सालीं भरली, आणि स्त्रियांची कलकत्त्यास १९५५ सालीं. मध्यें अवघीं तीन वर्षें गेलीं. त्या काळच्या मानानें ही गोष्ट लहान नव्हे. मुलींनीं चार लोकांदेखत मातींत लोळावें, प्रतिस्पर्ध्याचा पाय धरावा, हें पाहण्याची संवय समाजास नव्हती. तथापि हाताला हात धरून तोल सांभाळण्याची कला आपल्या स्त्रियांना नवी नव्हती. आमच्या खानदेशांत भुलाबाईच्या दिवसांत मुली अंगणांत जमतात. फुगडीचा फेर धरतात. फुगडींत दोघींनीं मागें रेलावयाचें असतें, आणि समोरचीचा हात सुटणार नाहीं या विश्वासावरच शरीराचा सारा भार टाकावयाचा असतो. कबड्डीच्या सांखळीस याहून निराळें काय लागतें? मुलींना प्रथम सांखळी शिकवितांना मी त्यांस फुगडी घालावयास लावीत असें, आणि त्याचा गुण लवकर येई.

घरांत तीन वर्षांत जें झालें, तें बाहेरच्या जगांत व्हावयास मात्र वीस वर्षें लागलीं. आशियाई क्रीडास्पर्धेंत पुरुषांची कबड्डी १९९० सालीं बीजिंग येथें आली. स्त्रियांची २०१० सालीं, ग्वांगझू येथें. तेथें व पुढें २०१४ सालीं इंचॉन येथें भारताच्या स्त्रियांनीं सुवर्णपदक मिळविलें. दरम्यान २०१२ सालीं पाटणा येथें स्त्रियांच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इराणचा २५ विरुद्ध १९ असा पराभव केला. त्या संघांत अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ व सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. हें यश पाहून आपणांपैकीं पुष्कळांची अशी समजूत झाली कीं, ही विद्या आपली आहे, आणि ती आपल्या अंगणांतून कोठें जाणार नाहीं.

ती समजूत खोटी ठरली २४ ऑगस्ट २०१८ रोजीं. जकार्ता येथें आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इराणच्या स्त्रियांनीं भारताचा २७ विरुद्ध २४ असा पराभव केला. अवघ्या तीन गुणांचा फरक! आणि इराणच्या त्या मुलींना शिकविणारी कोण होती? आमच्या शेजारच्या नाशिकच्या शैलजा जैन. नाशिकच्या मैदानांत वर्षानुवर्षें मुलींना कबड्डी शिकविलेल्या या बाईंनीं परक्या देशीं जाऊन तेथल्या मुली हातीं घेतल्या. त्यांची फारसी भाषा शिकून घेतली. योगासनें व प्राणायाम यांची संवय लावली. आणि सुमारे दीड वर्षांत त्यांना आपल्याच देशाच्या संघासमोर उभें केलें.

त्या दिवशीं माझ्या मनाची स्थिति चमत्कारिक झाली. पराभव आपला, म्हणून वाईट वाटलें. आणि शिक्षिका आपली, म्हणून अभिमानही वाटला. कांहीं लोकांनीं नाकें मुरडलीं. परंतु मी जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य आहें. मला त्यांत दोष दिसला नाहीं. विद्या शिकविल्यानें कमी होत नाहीं. ज्यास ती आपली म्हणावयाची असेल त्यानें ती रोज नव्यानें शिकली पाहिजे, एवढाच त्या पराभवाचा अर्थ. आपल्या घरची विद्या म्हणून आपण निर्धास्त राहिलों, आणि दुसऱ्यांनीं ती अक्षरशः पहिल्या धड्यापासून गिरविली.

हा धडा वायां गेला नाहीं. पुढची आशियाई स्पर्धा हांगझोऊ येथें २०२३ सालीं झाली. तेथें गटाच्या सामन्यांत चिनी तैपेईनें भारतास ३४ विरुद्ध ३४ असें बरोबरींत रोखलें. ७ ऑक्टोबर रोजीं अंतिम सामन्यांत पुनः तोच संघ समोर आला, आणि भारतानें तो सामना २६ विरुद्ध २५ असा, केवळ एका गुणानें जिंकला. त्या स्पर्धेंतील भारताचें तें शंभरावें पदक. या संघाची कर्णधार रितू नेगी ही चढाईची नव्हे, पकडीची खेळाडू होती, हें मी मुद्दाम सांगतों. नंतर मार्च २०२५ मध्यें खुद्द तेहरान येथें आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत भारतानें इराणला ३२ विरुद्ध २५ असें हरविलें. एका गुणानें जिंकलेल्या सामन्यांत प्रत्येक पकड निर्णायक असते. त्यांतली एक जरी सुटली असती तरी इतिहास निराळा लिहावा लागला असता.

आतां शेवटीं एक लहानशी गोष्ट सांगतों. ती माझ्या चुकीची आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या मुलींचा संघ घेऊन मी तालुक्याच्या स्पर्धेस गेलों होतों. अंतिम सामन्यांत आम्ही एका गुणानें पुढें होतों आणि प्रतिपक्षाची शेवटची चढाई होती. आमच्या तिघीच उरल्या होत्या. डाव्या कोंपऱ्यांत उभी असलेली मुलगी केळीच्या बागेंत मजुरी करणाऱ्या घरची होती. ती कधीं फारशी बोलत नसे. चढाई करणारी दोनदां तिच्या अंगावर आली. ही हलली नाहीं. प्रेक्षक ओरडले, "धर, धर!" मीही ओरडलों. तरी ही आपल्या जागीं वांकून उभी. तिसऱ्या वेळीं ती परत फिरली, तिचा मागचा पाय क्षणभर हलका झाला, आणि हिनें तो घोटा असा धरला कीं उरलेल्या दोघींना केवळ वर येऊन पडावयाचें काम राहिलें.

आम्ही जिंकलों. दुसऱ्या दिवशीं शाळेच्या फळ्यावर मीं स्वहस्तें वृत्तांत लिहिला. त्यांत सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्या चढाईच्या दोन मुलींचीं नांवें ठळक अक्षरांत होतीं. डाव्या कोंपऱ्याचें नांव मीं लिहिलें नव्हतें. तिनें फळा वाचला; ती कांहीं बोलली नाहीं; आणि संध्याकाळीं सरावास येऊन नित्याप्रमाणें आपल्या जागीं उभी राहिली. माझी चूक माझ्या ध्यानांत आली तोंवर सातवीची परीक्षा होऊन तिची शाळाच सुटली होती.

पुष्कळ वर्षांनीं ती मला बाजारांत भेटली. मीं तिला ती गोष्ट सांगितली आणि माझें चुकलें असें म्हटलें. ती हंसली. म्हणाली, "गुरुजी, फळा तर दुसऱ्या दिवशीं पुसलाच असेल. तो पाय मात्र मला अजून हातांत वाटतो."

श्रोतेहो, मीं फळ्यावर जें केलें तेंच आपण इतिहास लिहितांना व सामना पाहतांना करीत असतों. बाहेर जाऊन गुण आणणाऱ्यांचीं नांवें राहतात. अंगण राखणाऱ्यांचीं पुसलीं जातात. लडाखच्या बर्फावर आपल्या गोलाशेजारच्या वर्तुळांत काठी टेकून उभी असलेली मुलगी असो, कीं आमच्या काळ्या मातींत डाव्या कोंपऱ्यांत वांकून उभी असलेली मुलगी असो, तिच्या हातून गुण जातो तेव्हां सर्वांना दिसतो. ती गुण जाऊं देत नाहीं तेव्हां कोणासही दिसत नाहीं. पुढच्या वेळीं आपल्या गांवीं मुलींचा सामना असेल तेव्हां चढाई पाहाच. पण त्यापूर्वीं एकदां कोंपऱ्याकडे दृष्टि टाका. आणि सामना संपल्यावर तेथें उभ्या असलेल्या मुलीचें नांव विचारून घ्या.